वाणाच्या ताटातलं बंडल

१

जावयानं सासूला "चूक कबूल करा" म्हणावं, हे अनुसयाबाईनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तेही तिच्याच किराणा दुकानात, तिच्याच खुर्चीवर बसून, तिच्याच घरचा चहा बशीत ओतून फुर्रकन पिताना! दुसरा कोणी असता तर बशीसकट रस्त्यावर गेला असता. पण अधिक श्रावण चालू होता. या महिन्यात जावयाला देवासारखं बसवायचं, गोडधोड खाऊ घालायचं, वाण द्यायचं. म्हणून अख्खं नाचणगाव जिला टरकून असतं, ती जीभ अनुसयाबाईनं सकाळपासून दातांमागे कोंडून ठेवली होती.

"आई, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," योगेंद्र म्हणाला. हा तिचा जावई. सिंदी मेघेला शिकवणीचे वर्ग चालवायचा आणि शर्टाला कधी सुरकुती पडू द्यायचा नाही. "जिल्हा समितीकडे फोटो पोहोचलाय. दुपारी त्यांचे भैय्याजी चौकशीला येताहेत. त्यांच्याशी वाद घातलात तर क्लब दोन वर्षांसाठी बाद. कबुली दिलीत तर फक्त रविवारची फायनल जाईल. मजकूर मी लिहून आणलाय. तुम्ही सही करा, विषय संपला."

"फक्त फायनल?"

"एक मॅच तर आहे, आई."

अनुसयाबाईनं साखरेची पुडी गिऱ्हाइकाच्या हातावर अशी ठेवली की गिऱ्हाईक सुटे पैसे न घेताच निघून गेलं.

नाचणगावच्या फुटबॉल क्लबची ती अध्यक्ष होती. शाळा दुसरीत सुटलेली, खेळातलं कळायचं ते एवढंच की चेंडू त्यांच्या जाळीत गेला की नाचायचं. पण अध्यक्षपदावरून गावातले पोट्टे हातघाईवर आले, तेव्हा जिच्या तोंडाला कोणी लागत नाही अशा एकाच माणसावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या क्लबनं यंदा पहिल्यांदाच जिल्ह्याची फायनल गाठली होती. आणि आता हा मोबाईलमधला फोटो.

फोटोत चेहरा कोणाचाच नव्हता. पितळी ताट, ताटात अनारसे, नारळ, पेटता दिवा. ताट धरलेले दोन हात. मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण. आणि अनारशांच्या मधोमध, नवं कोरं, बँकेच्या पट्टीसकट, पाचशेच्या नोटांचं बंडल.

"हात तुमचेच आहेत ना?" योगेंद्रनं हळूच विचारलं.

"माह्येच हायेत. ताट बी माह्यंच. गेल्या रविवारी सेमीफायनल जिंकल्यावर मैदानावर आपल्या टीमच्या अंकुशले वाण देल्लं, तेच ताट."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

"हरकत?" अनुसयाबाईनं मोबाईल त्याच्या पुढ्यात सरकवला. "जवाईबापू, ताटात काय ठेवलं ते ठेवणारीले मालूम राह्यते. हे बंडल म्या ठेवलंच नाई!"

२

योगेंद्र "विचार करा" म्हणून आत आचलकडे गेला. आचल म्हणजे अनुसयाबाईची लेक; वाणाच्या निमित्तानं नवऱ्यासोबत माहेरी आली होती. अनुसयाबाईनं दुकानाला अर्धं शटर लावलं आणि मुलाकडच्या नातवाला हाक मारली. प्रफुल क्लबचा सचिव. सकाळपासून त्याचं तोंड गव्हाच्या पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"आता मले नीट सांग बे. आपण गुन्हा कोनता केला?"

"आजी, नियम असा हाये. बाहेरगावच्या खेळाडूले क्लबनं येण्याजाण्याच्या भाड्याबिगर काई द्यायचं नाई. आन् सबन हंगामाचा खर्च एका मर्यादेत ठेवाचा. नाई तं ज्याच्यापाशी पैसा तोच सगळे चांगले पोट्टे विकत घेईन. अंकुश रोहण्याचा, म्हणजे बाहेरचा. ते बंडल त्याले क्लबनं देल्लं असं समितीले वाटून राह्यलं."

"अंकुश बाहेरचा कसा? चिंधूचा जवाई हाये तो. म्हणजे गावचा जवाई."

"हे समितीच्या नियमात बसत नाई आजी."

"मंग नियम करताना बाईमानसाले इचारलं नसन कोनी."

पण मनातून ती चरकली होती. रविवारी जिंकल्यावर मैदानाकडेच्या मारुतीच्या पाराजवळ सगळं गाव उसळलं होतं. डफडी वाजत होती. तिनं गावाच्या वतीनं अंकुशसमोर वाणाचं ताट धरलं, आणि तेवढ्यात कोणीतरी गुलालाची मूठ उधळली ती नेमकी तिच्या डोळ्यांत. पाणी आलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा ताट अंकुशच्या हातात गेलं होतं. बंडल तेव्हा त्यात नव्हतं. अंकुशनं तिथंच ताट सगळ्यांपुढे फिरवून अनारसे वाटले होते. असतं तर साऱ्या गावानं पाहिलं असतं.

"लोकं नोटा ओवाळत होते ना त्याच्यावरून?" प्रफुल म्हणाला. "त्यातलीच असन एखादी."

"दहाच्या नोटा ओवाळतात रे, बंडल नाई. बोलाव त्या आदेशले."

आदेश म्हणजे डफडेवाल्यांचा म्होरक्या. सुपारी कातरत आला आणि प्रश्न ऐकून हसायला लागला.

"मोठीमाय, ओवाळलेला पैसा म्हणजे आमचा. ज्याच्यावरून ओवाळला त्याची नजर त्यात उतरते. त्यानं ठेवला तं त्यालेच लागते, आन् ओवाळणाऱ्यानं परत घेतला तं त्याच्या घराले. हे लहान पोराले बी ठाऊक हाये. मले दहा-वीसच्या भेटल्या. मोतीलालशेठनं पन्नासची ओवाळली, ते पाहून माह्या हातातून डफडं सुटत होतं. पन बंडल? बंडल भेटलं असतं तं मी आज तुमाले इथी दिसलो असतो काय? पुलगाव टेशनावरून थेट काशीले गेलो असतो!"

"कोनी ताटात टाकून परत उचललं असन?"

आदेशचं हसू थांबलं. त्यानं कानाच्या पाळ्या पकडल्या.

"ओवाळणीच्या ताटातून? आपल्या गावात असा मानूस नाई, माय."

अनुसयाबाईनं मनातल्या मनात हिशेब मांडला. ताटात आलं, डफडेवाल्याला मिळालं नाही, अंकुशला मिळालं नाही. म्हणजे असा माणूस होता.

३

अनुसयाबाई प्रफुलला घेऊन चिंधूच्या घरी गेली, तेव्हा दार लोटलेलं होतं. अंगणात अंकुशची मोटरसायकल, मागच्या सीटवर बॅग बांधलेली.

"कुठी चालला, बापू?"

"रोहण्याले," अंकुश खाली मान घालून म्हणाला. काटक, उंच, पायांत नुसती वीज असलेला पोरगा. "माह्यामुळं क्लबचं नाव खराब होऊन राह्यलं. मीच खेळलो नाई तं समिती माफ करीन."

"अन् मयुरी?"

आतून चिंधूच्या पोरीचा, मयुरीचा, हुंदका ऐकू आला.

"तिले दिवाळीनंतर नेईन."

"म्हणजे लोकाईनं समजून घ्याचं का याले पैसे भेटले आन् हा पळाला. बॅग सोड." अंकुश हलला नाही तसा तिचा आवाज चढला. "सोड म्हनलं ना! पळून जाणाऱ्याले वाण म्या देत नसते. वाण माघारी घ्याले लावतो काय मले?"

अंकुशनं दोरी सोडायला सुरुवात केली. चिंधू ओसरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. अनुसयाबाई त्याच्याजवळ पायरीवर टेकली.

"चिंधूभाऊ, ताटाच्या जवळ कोन कोन होतं?"

"हात पोहोचन इतक्या जवळ? तुमी. अंकुश. मी त्याच्या गळ्यात दुपट्टा घालत होतो, दोन्ही हातानं. मोतीलालशेठ नोट ओवाळत होता. प्रफुल गुलाल उधळत होता. आन् तुमचे जवाई तुमच्या मांगं उभे होते, गुलाल चुकवत. शर्ट पांढरा होता ना त्याईचा."

चिंधू, मोतीलाल, प्रफुल, योगेंद्र. चौघं. चिंधूचे हात दुपट्ट्यात गुंतलेले. उरले तिघं, आणि त्यातला एक तिचा स्वतःचा नातू. याच प्रफुलनं गेल्या महिन्यात नवा मोबाईल घेतला होता. पैसे कुठून आले म्हणून विचारलं तर "हप्त्यावर आजी" म्हणाला होता.

तिनं तोच मोबाईल त्याला काढायला लावला. "फोटो मोठा करून दाखव."

प्रफुलनं दोन बोटांनी फोटो ताणला. अनुसयाबाईनं चष्मा पदरानं पुसला आणि बराच वेळ पाहत राहिली. अनारशांवर लाल पूड बसली होती. नारळाच्या शेंडीत गुलाल, ताटाच्या कडेला गुलाल, तिच्या स्वतःच्या बोटांवर गुलाल. आणि बंडल तेवढं कोरं करकरीत. एक ठिपका नाही.

"गुलाल उधळल्यावर ठेवलं," ती पुटपुटली. "माह्ये डोळे मिटले तवा. आन् ज्यानं ठेवलं त्याच्या हाताले गुलाल नव्हता."

तिनं प्रफुलकडे पाहिलं. त्याच्या नखांच्या कडा रविवारपासून अजून गुलाबीच होत्या.

"काय झालं आजी? असं काय पाहून राह्यली?"

"काई नाई. तुये हात घाण हायेत त्याचा पहिल्यांदाच आनंद झाला. गाडी काढ. पुलगावले जाऊ."

४

मोतीलालचं कापडाचं दुकान पुलगावच्या बाजारात. गादीवर पांढरी चादर, उशाशी लोड आणि पुढे मोतीलाल, बोलायच्या आधीच नाराज.

त्याला नाराज व्हायला कारण होतं. त्याचा पुतण्या पियुष गेल्या वर्षापर्यंत क्लबचा पुढचा खेळाडू होता. अंकुश आला आणि पियुष बाकावर गेला. तेव्हापासून मोतीलालनं क्लबच्या वर्गणीला एक रुपया दिला नव्हता आणि तसं तो ज्याला त्याला सांगायचाही.

"मालूम होतं तुम्ही येणार म्हणून," तो म्हणाला. "क्लबवर आलं म्हणजे मोतीलालनंच केलं असन."

"केलं काय?"

"केलं असतं तं तुमच्या तोंडावर सांगितलं असतं, बाई. रोहण्याहून पोट्टा आणता आन् आमचा पियुष पाण्याच्या बाटल्या उचलते. राग तं येणारच ना भाऊ! फायनल गेली तं मी काही रडणार नाही."

"तरी त्याच्यावरून पन्नासची नोट ओवाळली."

मोतीलालनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गोल त्यानंच मारला ना. मला बी नाचावं वाटलं. पियुषला सांगू नका."

अनुसयाबाईला हसू आलं, ते तिनं दाबलं. "जवळ उभे होते तुमी. काई दिसलं?"

"गुलालात काय दिसते? तुमच्या अन् माझ्यामधे तुमचे जावई घुसले होते. त्यांचा खांदा माझ्या नाकात. ते वाकले, मी बी वाकलो, नोट आदेशच्या डफड्यावर टाकली अन् मागं झालो. आता मलाच विचाराल का बंडल टाकलं का?"

"हो."

"मी?" मोतीलालचा आवाज फुटला. "बंडल? मी एका पंच्यावर दोन रुपये सोडत नाही अन्..."

हे मात्र खरं होतं. पण त्याच्या बोटांनाही गुलाल नव्हता, त्याच्याकडे राग होता, आणि गल्ल्यात बंडलं होती.

परतताना गाडीवर प्रफुल वाऱ्यावर ओरडून बोलत होता. "आजी, फायनल आपली सिंदी मेघेच्या टीमशी हाये ना, त्याईनं यंदा नवीन जर्सी केली. भारी हाये. छातीवर आपल्या योगेंद्र काकाच्या क्लासचं नाव."

"काय?"

"काकानं जर्सीचा खर्च देल्ला म्हणे. आपल्याले सांगितलं बी नाई त्याईनं."

अनुसयाबाईनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव. फोटो दाखव पुन्हा."

रस्त्याच्या कडेला, तुरीच्या शेताच्या धुऱ्याशी, तिनं फोटो परत पाहिला. आता ताटाकडे नाही. ताटाच्या खालच्या कोपऱ्याकडे. तिथं पाराच्या ओट्याची सिमेंटची कड दिसत होती. म्हणजे फोटो ओट्यावरून, वरून खाली काढलेला. रविवारी त्या ओट्यावर एकही पुरुष नव्हता. गुलालापासून वाचायला बायका तेवढ्या वर चढल्या होत्या. डोक्यावर पदर, कडेवर पोरं. मोबाईल समोर धरून उभी होती ती एकटी आचल.

"आजी? बरं वाटत नाई काय?"

"चाल," अनुसयाबाई म्हणाली. फोटो बंद करून तिनं मोबाईल त्याला परत दिला.

५

मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. भैय्याजी समितीचे जुने सदस्य. टक्कल, जाड चष्मा, बोलण्यात नागपूरची हिंदी मिसळलेली. खेळाडू एका बाजूला ओळीनं उभे. अंकुश शेवटी. चिंधू, मोतीलाल, आदेश, पारावर बायका. योगेंद्र भैय्याजींच्या शेजारी बसला होता, मांडीवर कबुलीचा कागद.

आचल पारावर उभी होती. अनुसयाबाईनं तिच्याकडे एकदाच पाहिलं. विचारायचं होतं, पण विचारलं नाही. लेकीचं उत्तर काय असेल ते तिला ऐकायचं नव्हतं, अजून नाही.

"देखो अनुसयाबाई," भैय्याजी म्हणाले, "फोटो साफ आहे. कोणी पाठवला मालूम नाही, नंबर अनोळखी. पण नियम तो नियम. बाहेरच्या खेळाडूला बंडल देताना अध्यक्षाचे हात दिसताहेत. जावईसाहेब म्हणतात तुम्ही कबुली देऊन राहिल्या. मी बी म्हणतो, बेस्ट आहे. रविवारी सिंदी मेघेवाल्यांना फायनल देऊन टाकू, पुढच्या वर्षी पुन्हा खेळा."

"आई, सही," योगेंद्रनं पेन पुढे केलं.

"करतो," अनुसयाबाई म्हणाली.

खेळाडूंच्या ओळीतून कुजबुज उठली. प्रफुल "आजी!" म्हणून ओरडला.

"करतो, पन आधी या पोराची नजर काढू द्या. त्याच्या मांगं साडेसाती लागली हाये. अंकुश, इकडे ये."

अंकुश गोंधळून पुढे आला. अनुसयाबाईनं कनवटीतून पाचशेची नोट काढली, त्याच्या डोक्यावरून सावकाश फिरवली, कपाळाला टेकवली. आदेश सवयीनं डफडं घेऊन पुढे झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मोतीलालशेठ. तुमचा आज धंदा बुडला माह्यामुळं. हे ठेवा."

मोतीलाल दोन पावलं मागे सरकून खुर्चीला अडखळला. "बाई, काय करता? ओवाळलेली नोट! माझ्या घरी लहान लेकरं आहेत."

"पाचशेची हाये."

"पाच हजाराची असली तरी नाही! आदेशला द्या."

"माहीच हाये ते," आदेश कळवळून म्हणाला.

अनुसयाबाई वळली. "जवाईबापू, तुमी सिंदी मेघेवरून आले आमच्यासाठी. पेट्रोल जळलं. घ्या."

योगेंद्र हसला. दोन बोटांत नोट धरली, घडी केली आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात सरकवली. "तुम्ही देताय तर नाही कसं म्हणू? ओवाळली म्हणून नोटेची किंमत कमी होते थोडी!"

 आदेशनं पुन्हा कानाच्या पाळ्या पकडल्या. पारावरच्या बायका एकमेकींना खेटल्या. योगेंद्रनं इकडे तिकडे पाहिलं, आणि त्याचं हसू हळूहळू ओठांवरच वाळलं.

६

"भैय्याजी," अनुसयाबाई म्हणाली, "आता ऐका. फोटोतल्या ताटावर गुलाल हाये, बंडलावर नाई. म्हणजे गुलाल उडाल्यावर, माह्ये डोळे मिटले तेवढ्यात कोनीतरी बंडल ठेवलं. मी डोळे उघडले तवा ते नव्हतं. सबन गावानं त्या ताटातले अनारसे खाल्ले, इचारा. म्हणजे ज्यानं ठेवलं त्यानंच उचललं. हात पोहोचन अशे चौघं होते. चिंधूच्या दोन्ही हातात दुपट्टा. प्रफुलचे हात गुलालानं भरलेले, त्यानं शिवलं असतं तं बंडल लाल झालं असतं. उरले दोघं."

ती थांबली. मोतीलालनं घाम पुसला.

"मोतीलालशेठच्या मनात राग हाये. पन ओवाळणीच्या ताटातून पैसा परत उचलाची त्याची छाती नाई, आत्ता पाह्यलं तुमी. या गावात ते कोनाचीच नाई. ज्याची हाये त्यानं आताच नोट खिशात घातली."

"हे काय लावलंय?" योगेंद्र उठला. "एक नोट घेतली म्हणून मी चोर? भैय्याजी, हा अडाणीपणा आहे. माझा फुटबॉलशी संबंध काय?"

"छातीवर!" प्रफुल ओरडला. "सिंदी मेघेच्या जर्सीवर छातीवर तुमच्या क्लासचं नाव हाये, काका!"

भैय्याजींनी चष्मा वर सरकवला. "ये बात मालूम नव्हती मला."

"जाहिरात केली म्हणून गुन्हा होत नाही," योगेंद्र म्हणाला. आवाज चढला होता. "फोटो मी काढलाच नाही. मी तर खाली उभा होतो!"

"खरं हाये," अनुसयाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "फोटो वरून काढला. ओट्यावरून."

आता तिला पाराकडे पाहावंच लागलं. आचल पायरीवर येऊन उभी होती. मोबाईल हातातच होता. अनुसयाबाईनं काही विचारलं नाही. लेकीचा संसार तिच्या लेकीचा होता. बोलायचं की नाही हेही तिचंच होतं.

"फोटो म्या काढला, माय," आचल म्हणाली. "खूप काढले होते. सगळ्या गर्दीचे. त्यातल्या एकात ते बंडल दिसलं मले घरी गेल्यावर. याईले इचारलं, हे कोनं ठेवलं? हे म्हणाले, कोनी हौशानं ओवाळलं असन, मले पाठव, आईले दाखवतो." ती नवऱ्याकडे पाहत नव्हती. "दुसऱ्या कोनालेच पाठवला नाई मी. कापून फक्त ताट ठेवलं ते याईनंच. पूर्ण फोटो हाये माह्यापाशी. त्यात ताटावर वाकलेली पांढरी बाही दिसते."

ती खाली उतरली, मोबाईल भैय्याजींच्या हातात दिला आणि येऊन आईच्या मागे उभी राहिली. भैय्याजींनी फोटो पाहिला. मग योगेंद्रच्या बाहीकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो.

योगेंद्र खाली बसला. "यंदा ॲडमिशनं निम्मी झाली," तो कोणाकडेच न पाहता म्हणाला. "जर्सीवर होतं नव्हतं ते लावलं. हरणाऱ्या टीमच्या छातीवरचं नाव कोण वाचतं? बंडल फीचंच होतं. ठेवलं, उचललं. कोणाचा एक पैसा गेला नाही. फक्त एक मॅच..."

"भैय्याजी?" अनुसयाबाईनं विचारलं.

भैय्याजींनी योगेंद्रजवळचा कबुलीचा कागद घेऊन त्याची घडी घातली, घडीची आणखी घडी, आणि खिशात कोंबला. "तक्रार खोटी. क्लब साफ. रविवारी टीम घेऊन या टाइमवर. बाकी याचं काय करायचं ते समिती पाहील."

मैदान एकदम ओरडायला लागलं. कोणीतरी अंकुशला उचललं. उचलणाऱ्यांत सगळ्यात पुढे पियुष होता, आणि त्याचा काका मोतीलाल ते पाहून न पाहिल्यासारखं करत होता. आदेशनं डफड्यावर थाप मारली.

अनुसयाबाईनं हात वर केला. डफडं थांबलं.

ती योगेंद्रच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. जावयासमोर पदर सारखा करायची तिची सवय होती. आज तिनं तो कमरेला खोचला.  अधिक महिन्यात, भर गावात, जावयाला कोणी बोलत नाही.

"जवाईबापू, एक मॅच म्हनता तुमी. हे पोट्टे उन्हातान्हात अनवाणी खेळून त्या मॅचपर्यंत आले. या अंकुशले तुमी चोर करून रोहण्याले पाठवत होते, बायकोले रडत ठेवून. आन् मले माह्याच हातानं माह्या पोट्ट्याईची मान कापाले लावत होते, वरून चहा पीत. आचल माही पोरगी हाये. तिनं तुमच्यासंगं जायचं का इथी राह्याचं, ते तिचं ते ठरवीन, मी मधात पडणार नाई. तुमचं म्या ठरवलं. जवाई म्हून तुमाले जे द्याचं होतं ते देऊन झालं, काईच बाकी नाई. आता मानूस म्हून काई कमवा. कमवलं तवा या. तोवर या गावचा रस्ता धरू नका."

योगेंद्र उठला. त्याला वाट देण्यासाठी कोणी बाजूला झालं नाही. त्याला मैदानाला वळसा घालून जावं लागलं.